सव्वासात कोटी डॉलरचा करार आणि तरीही मायनर लीग : रुस्नी कास्तियोचे काय झाले?

यष्टीमागून (कोथरूड)

सप्रेम नमस्कार. माझा पुतण्या आठवीत शिकतो आणि गेली दोन वर्षे शाळेच्या बेसबॉल संघात खेळतो. आमच्या घरात तीन पिढ्या क्रिकेटशिवाय दुसरा खेळ कोणी मन लावून पाहिलेला नाही, त्यामुळे त्याच्या निमित्ताने मीही हा खेळ मुळापासून शिकतो आहे. गेल्या रविवारी त्याने रुस्नी कास्तियो या क्युबन खेळाडूच्या कारकिर्दीचा तक्ता माझ्यापुढे ठेवला आणि एक प्रश्न विचारला. आठवडाभर शोधूनही मला त्याचे समाधानकारक उत्तर सापडले नाही, म्हणून तो येथे मांडतो.

बॉस्टन रेड सॉक्सने ऑगस्ट २०१४ मध्ये कास्तियोशी सात वर्षांसाठी ७ कोटी २५ लाख डॉलरचा करार केला. तोपर्यंत कोणत्याही क्युबन खेळाडूला एवढ्या रकमेचा करार मिळालेला नव्हता. त्यानंतर मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, तो २०१४ साली १०, २०१५ साली ८० आणि २०१६ साली ९ असे एकूण फक्त ९९ सामने खेळला. पुढची सगळी वर्षे रेड सॉक्सच्याच, पॉटकेट या गावच्या ट्रिपल-ए संघात गेली. ट्रिपल-ए ही मायनर लीगमधली, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या स्तरांतली, सर्वांत वरची पायरी. तेथे २०१७ मध्ये त्याची सरासरी (संधींच्या प्रमाणात यशस्वी फटके) .३१४ होती, १५ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) होते; २०१८ मध्ये सरासरी .३१९ होती. या खेळात .३०० म्हणजे उत्तम हे मला आता समजते. असे असूनही त्याला वरून पुन्हा एकदाही बोलावणे आले नाही.

"काका, इतके चांगले खेळणाऱ्याला वरचा संघ घेत का नाही?" हा पुतण्याचा प्रश्न. मी त्याला रणजी करंडकाचे उदाहरण दिले, की तेथे धावांच्या राशी घालूनही भारतीय संघाचे दार न उघडलेले कितीतरी खेळाडू आहेत. परंतु ज्या क्लबने स्वतः एवढे पैसे मोजले, त्यानेच खेळाडूला बाहेर ठेवावे, हे त्याला पटले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पटलेले नाही. जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

परतीचा पक्षी (बाणेर)

आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण नोकरीनिमित्त मी काही वर्षे अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला राहत होतो आणि तेथून पॉटकेटचे मकॉय स्टेडियम गाडीने जेमतेम दहा-पंधरा मिनिटांवर होते. उन्हाळ्यातल्या कितीतरी संध्याकाळी मी तेथे घालवल्या आहेत. कास्तियोला बाह्य मैदानात उभा असलेला मी अनेकदा पाहिला आणि आपल्या पुतण्याला पडलेला प्रश्न त्या वेळी आमच्या आसपासच्या बाकांवरही रोज चर्चेत असे.

याचे उत्तर मैदानापेक्षा हिशेबाच्या वहीत अधिक आहे. मेजर लीगमधील प्रत्येक क्लबची चाळीस खेळाडूंची एक यादी असते आणि त्या यादीतूनच प्रत्यक्ष सामने खेळणारा संघ निवडला जातो. जून २०१६ मध्ये रेड सॉक्सने कास्तियोला या यादीतून काढले. असे काढताना खेळाडू आधी इतर सर्व क्लबांपुढे ठेवावा लागतो; ज्याला हवा असेल त्याने त्याच्या करारासह उचलावा. उरलेल्या कराराचे ओझे एवढे मोठे होते की एकाही क्लबने त्याला उचलले नाही. मग तो रेड सॉक्सकडेच राहिला, त्याचे पूर्ण वेतन चालू राहिले, मात्र त्याचे नाव चाळीसांच्या बाहेर गेले.

येथून पुढचा भाग महत्त्वाचा आहे. मेजर लीगमध्ये क्लबांच्या एकूण वेतनखर्चाला एक मर्यादा आखलेली असते आणि ती ओलांडली तर कर भरावा लागतो. त्याला बोलीभाषेत लक्झरी टॅक्स म्हणतात. क्लब आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील त्या वेळच्या करारनाम्यानुसार चाळीसांच्या यादीबाहेर काढलेल्या खेळाडूचे वेतन या खर्चात धरले जात नसे. पुढच्या करारनाम्यात ही पळवाट बुजवण्यात आली, परंतु आधीच बाहेर गेलेल्या खेळाडूंना जुना नियमच लागू राहिला. म्हणजे कास्तियो पॉटकेटमध्ये असेपर्यंत त्याचा पगार कराच्या दृष्टीने शून्य होता, आणि त्याला एका दिवसासाठी वर बोलावले तरी त्याचे वार्षिक सरासरी एक कोटी साडेतीन लाख डॉलर त्या दिवसापासून हिशेबात शिरणार होते.

२०१८ चेच वर्ष घ्या. मर्यादा १९ कोटी ७० लाख डॉलरची होती आणि रेड सॉक्स तिच्या चार कोटींहून अधिक पुढे गेले होते. त्या सर्वांत वरच्या टप्प्यावर प्रत्येक वाढीव डॉलरमागे साडेबासष्ट सेंट कर पडत होता. कास्तियोला हंगामभर ठेवले असते, तर सुमारे ६५ लाख डॉलर नुसता कर भरावा लागला असता. दुसरीकडे त्यांच्या बाह्य मैदानात मूकी बेट्स, जॅकी ब्रॅडली धाकटा आणि अँड्र्यू बेनिन्टेंडी हे तिघे पक्के झालेले होते. बेट्स त्या वर्षी अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला, संघाने १०८ सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिकाही जिंकली. अशा संघाला चौथा बाह्यक्षेत्ररक्षक एवढ्या किमतीत परवडणार नव्हता. एखाद्या कमी खर्चाच्या क्लबकडे कास्तियो असता, तर दरवर्षी पन्नास-साठ सामने तरी त्याच्या वाट्याला नक्की आले असते असे मला वाटते.

मकॉय स्टेडियमची एक आठवण सांगतो, कारण त्या जागेशिवाय ही गोष्ट मला सांगताच येत नाही. तेथे खेळाडूंची बसण्याची जागा प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेच्या खाली, जमिनीलगत होती, त्यामुळे मुलांना खेळाडू वरून दिसत नसत. म्हणून मुले दुधाचा प्लास्टिकचा कॅन एका बाजूने कापत, त्यात चेंडू आणि पेन ठेवत आणि दोरीने विहिरीत कळशी सोडावी तसा तो कॅन खाली सोडत. खालून दोरीला हलकासा हिसका बसला की सही झाली असे समजायचे. मुले हळूहळू दोरी ओढून घेत आणि चेंडू फिरवून फिरवून सही कोणाची आहे ते वाचत. आज सही करणारा तरुण पुढल्या महिन्यात बॉस्टनला जाईल, या आशेवर ते सगळे चाललेले असे. कास्तियोची सही मिळालेल्या मुलांना मात्र तो कोठेही जाणार नाही हे पक्के ठाऊक होते आणि तरीही ती मुले त्याच्या नावाने ओरडत असत.

बेस ते बेस (सहकारनगर)

मी पुण्यातील शाळकरी मुलांना बेसबॉल शिकवतो. परतीचा पक्षी यांनी कराचे गणित अतिशय नेमके मांडले आहे. तरीही पुतण्याला केवळ तेवढेच सांगितले तर कास्तियो हा निव्वळ हिशेबाचा बळी होता, असा त्याचा समज होईल. तक्त्यातल्या दुसऱ्याही काही ओळी त्याला दाखवाव्यात अशी माझी विनंती आहे.

सरासरी हा आकडा फसवा असतो. दहा अधिकृत संधींत तीन यशस्वी फटके म्हणजे .३००, हे बरोबर आहे. परंतु पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) चार वाईट चेंडू टाकले आणि फलंदाजाने ते संयमाने सोडले की त्यालाही पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, मिळतो, आणि हे सरासरीत दिसतच नाही. २०१५ मधील ८० सामन्यांत कास्तियोची सरासरी .२५३ होती आणि बेसवर पोहोचण्याचे प्रमाण .२८८ होते. या दोन आकड्यांमधले अंतर फार थोडे आहे, म्हणजेच तो चेंडू सोडत नव्हता. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडायला आपण मुलांना जितक्या तळमळीने शिकवतो, तितक्याच तळमळीने हे बेसबॉलमध्येही शिकवावे लागते. माझ्याकडे येणारी मुले सकाळी साडेसहाला मैदानावर आली की पहिली पंधरा मिनिटे बॅट खांद्यावरून हलवायची नाही, फक्त चेंडू पाहायचा आणि "आत" की "बाहेर" एवढेच मोठ्याने सांगायचे, असा नियम मी ठेवला आहे. मुलांना ते अजिबात आवडत नाही. दोन महिन्यांनी तीच मुले बेसवर अधिक वेळा उभी दिसतात.

दुसरी गोष्ट वयाची. कास्तियो १९८७ सालचा, म्हणजे २०१७ मध्ये तीस वर्षांचा. ट्रिपल-ए मध्ये त्याच्यासमोर बहुतेक त्याच्याहून लहान आणि अजून घडत असलेले पिचर असत. बावीस वर्षांच्या मुलाने तेथे .३१४ ची सरासरी राखली तर निवडकर्ते मान वर करून पाहतात. तिशीतल्या खेळाडूने राखली तर ती अपेक्षितच धरली जाते. मायनर लीगचा कोणताही तक्ता वाचताना आकड्याच्या शेजारी वय आणि पायरी न पाहणे म्हणजे इयत्ता न विचारता टक्के विचारण्यासारखे आहे.

आणि आता रणजीच्या उपमेविषयी. रणजीचा संघ राज्य संघटनेचा असतो आणि तो आपल्या करंडकासाठी खेळतो. मायनर लीगचा संघ तसा स्वतंत्र नसतो. खेळाडू कोण, पिचरने आज किती चेंडू टाकायचे, कोणाला कोठे उभे करायचे, हे सगळे वरचा क्लब ठरवतो. खालचा संघ म्हणजे त्या क्लबची रोपवाटिका. सध्या सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा चार पायऱ्या आहेत आणि त्यांखाली नवोदितांच्या लीग आहेत. २०२१ मध्ये फेररचना झाली, तेव्हा संलग्न संघांची संख्या १६० वरून १२० वर आणण्यात आली.

क्युबन खेळाडूंच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे क्युबात राहून मेजर लीगशी करार करता येत नाही. थेट अमेरिकेत पोहोचले तर नवोदितांच्या निवडप्रक्रियेत जावे लागते, जेथे खेळाडूला क्लब निवडता येत नाही. म्हणून बहुतेक जण आधी मेक्सिको, हैती किंवा डॉमिनिकन रिपब्लिक अशा तिसऱ्या देशात वास्तव्य सिद्ध करतात, मग त्यांना मुक्त, म्हणजे कोणत्याही क्लबशी करार करू शकणारा, खेळाडू मानले जाते. या धावपळीत वर्ष-दीड वर्ष सामन्यांविना निघून जाते. डिसेंबर २०१८ मध्ये क्युबाचा महासंघ आणि मेजर लीग यांच्यात एक समझोता झाला होता, ज्यामुळे खेळाडूंना देश सोडून पळावे लागले नसते. परंतु एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकी सरकारने तो रद्द केला. मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत दुःखद गोष्ट हीच वाटते.

वयानेही पैशाचे दार बदलते. त्या काळी तेवीस वर्षांखालील परदेशी खेळाडूंवर बोनसची मर्यादा होती. योआन मोन्काडा एकोणीस वर्षांचा होता. २०१५ मध्ये त्याच रेड सॉक्सने त्याला ३ कोटी १५ लाख डॉलर बोनस दिला आणि मर्यादा ओलांडल्याबद्दल तेवढाच दंडही भरला. एवढे मोजूनही त्याची सुरुवात ग्रीनव्हिलच्या सिंगल-ए संघातून झाली आणि डिसेंबर २०१६ मध्ये क्रिस सेल या पिचरच्या बदल्यात तो शिकागोला गेला. कास्तियो सत्ताविसाव्या वर्षी आला, त्यामुळे त्याच्यावर बोनसची मर्यादा नव्हती आणि त्याच्याजवळ शिकायला वेळही नव्हता.

आपल्या पुतण्याने कास्तियोच्याच गावचा आणखी एक खेळाडू जरूर पाहावा. अदोलिस गार्सिया हाही सिएगो दे आविलाचा. तो २०१७ मध्ये सेंट लुईसच्या क्लबमध्ये आला, २०१९ मध्ये मेंफिसच्या ट्रिपल-ए संघासाठी त्याने ३२ होमरन मारले, पण चेंडू चुकवून बाद होण्याचे प्रमाणही मोठे होते. क्लबने त्याला केवळ रोख रकमेच्या बदल्यात टेक्सासला देऊन टाकले. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासनेही त्याला चाळीसांच्या यादीतून काढले आणि एकाही क्लबने त्याला घेतले नाही, म्हणजे अगदी कास्तियोसारखीच अवस्था. परंतु त्याचा करार लहान होता. त्याला पुन्हा वर आणण्यासाठी कोणालाही कराची चिंता करावी लागली नाही. त्याच वर्षी त्याने मेजर लीगमध्ये ३१ होमरन मारले आणि २०२३ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना अकराव्या डावात (नेहमीचा सामना नऊ डावांचा असतो) होमरन मारून जिंकून दिला. दोघांना एकाच दारातून बाहेर काढण्यात आले होते. एकाच्या पायात सोन्याची बेडी होती.

जुनी पाने (शनिवार पेठ)

रणजीचा विषय निघाला आहे म्हणून एकच भर घालतो. डिसेंबर १९४८ मध्ये आपल्या पुण्यात, पूना क्लबच्या मैदानावर, भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांवर आलेला असताना काठियावाडने सामना सोडून दिला. निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना एकदाही खेळायला मिळाला नाही. त्यांच्या बाबतीत करारही आडवा आला नव्हता आणि करही. पुतण्याला हे मैदान दाखवून आणावे. लष्कर भागात गेलात तर सहज जाता येईल.

स्पॅनिशची विद्यार्थिनी (डेक्कन)

येथे सर्वांनी क्युबन खेळाडू मायनर लीगमध्ये कसे जातात हे सांगितले आहे. एके काळी मायनर लीगच क्युबात होती, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. हवाना शुगर किंग्ज हा संघ १९५४ पासून ट्रिपल-ए दर्जाच्या इंटरनॅशनल लीगमध्ये खेळत होता आणि त्याचे घोषवाक्य होते "उन पासो मास इ येगामोस", म्हणजे "आणखी एक पाऊल, की पोहोचलोच". हवानाला मेजर लीगचा संघ मिळावा ही त्यामागची इच्छा होती. १९५९ मध्ये या संघाने मिनिआपोलिसला हरवून मायनर लीगमधले सर्वोच्च विजेतेपद जिंकले. त्याच वर्षी जुलैमध्ये क्रांतीच्या उत्सवात मैदानाभोवती झालेल्या गोळीबारात दोघांना गोळ्या चाटून गेल्या. पुढच्या वर्षी, जुलै १९६० मध्ये, हंगाम चालू असतानाच संघ जर्सी सिटीला हलवण्यात आला. १९६१ मध्ये क्युबाने व्यावसायिक खेळांवर बंदी घातली आणि १९६२ पासून त्यांची स्वतःची राष्ट्रीय मालिका सुरू झाली. कास्तियो आणि गार्सिया दोघेही त्याच मालिकेत घडले.

दार बंद होत असतानाच बाहेर पडलेल्या खेळाडूंत टोनी ओलिवा होता. त्याचे खरे नाव पेद्रो. पासपोर्टसाठी त्याने आपल्या भावाची, अँतोनियोची, कागदपत्रे वापरली आणि तेच नाव त्याला आयुष्यभर चिकटले. १९६१ मध्ये तो व्हर्जिनियातील विदव्हिल या छोट्या गावच्या, अगदी खालच्या पायरीवरच्या संघात खेळला. इंग्रजी येत नव्हते, घरी परतण्याचा रस्ता बंद झाला होता, आणि त्या हंगामात त्याची सरासरी .४१० होती. तीन वर्षांनी तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम फलंदाज ठरला आणि २०२२ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

मला या तक्त्यांमध्ये नेहमी एक गोष्ट जाणवते. बेस ते बेस सर म्हणतात तसे वय आणि पायरी पाहायलाच हवी; परंतु हा मुलगा रात्री घरी फोन कोणत्या भाषेत करतो आणि त्याला फोन लावता तरी येतो का, यासाठी तक्त्यात रकाना नसतो. आम्ही वर्गात क्युबन वृत्तपत्रे वाचतो, तेव्हा देश सोडून गेलेल्या खेळाडूंची नावे तेथे क्वचितच दिसतात.

यष्टीमागून (कोथरूड)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पुतण्याला शेजारी बसवून हा सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. कराचे गणित त्याने वहीत स्वतः करून पाहिले आणि साडेबासष्ट सेंटांचा हिशेब जुळल्यावरच पुढे जाऊ दिले. दुधाच्या कॅनची गोष्ट त्याने दोनदा वाचायला लावली. एक शंका त्याची अजून उरली आहे आणि ती मी जशीच्या तशी लिहितो : कास्तियोबरोबर त्याच खोलीत कपडे बदलणाऱ्या इतर खेळाडूंना किती पैसे मिळत होते, आणि करार संपल्यावर कास्तियो कोठे गेला?

परतीचा पक्षी (बाणेर)

पहिल्या शंकेचे उत्तर ऐकायला कठोर आहे. चाळीसांच्या यादीत नसलेल्या ट्रिपल-ए खेळाडूचे किमान वार्षिक वेतन २०२२ पर्यंत सुमारे १७,५०० डॉलर होते आणि कास्तियोच्या वर्षांत तर त्याहूनही कमी. पॉटकेटमध्ये मी पाहिलेले काही खेळाडू एका भाड्याच्या घरात चार-पाच जण मिळून राहत असत. २०२२ मध्ये मायनर लीगचे खेळाडू पहिल्यांदाच खेळाडूंच्या संघटनेत सामील झाले आणि २०२३ पासून ट्रिपल-ए चे किमान वेतन ३५,८०० डॉलर झाले. राहण्याची सोय करण्याची जबाबदारीही आता क्लबांवर आहे. कोटीची रक्कम घेणारा कास्तियो आणि भाडे वाटून घेणारा त्याचा जोडीदार हे दोघे पाठोपाठ बॅटिंगला जात, एकाच बसने रॉचेस्टरला सामन्यासाठी जात आणि दोघांनाही बॉस्टन सारखेच दूर होते.

दुसरी शंका. कास्तियोचा करार २०२० च्या हंगामापर्यंत होता, परंतु त्या वर्षी करोनामुळे मायनर लीगचा संपूर्ण हंगामच रद्द झाला. त्यामुळे कराराचे शेवटचे वर्ष सामना न खेळताच संपले. २०२१ मध्ये तो जपानला, सेंडाईच्या राकुतेन गोल्डन ईगल्स संघाकडे गेला. त्याच वर्षी पॉटकेटचा संघही गाव सोडून वूस्टरला गेला. मकॉय स्टेडियममध्ये २०२० साली संघाला निरोप देण्याचे ठरले होते, तो हंगाम झालाच नाही. १९८१ मध्ये याच मैदानावर व्यावसायिक बेसबॉलमधला सर्वांत लांबलेला, ३३ डावांचा सामना झाला होता आणि पहाटे चारनंतर तो थांबवला, तेव्हा १९ प्रेक्षक बसून होते. माझ्याकडे तेथल्या एका सामन्याचे तिकीट अजून आहे, २०१८ च्या ऑगस्टमधले. पुतण्याला हवे असेल तर पुढच्या रविवारी कोथरूडला आणून देईन.